एका एलिमिनेटरचे मोल

आमच्या थोरल्या बंधूंना जाऊन आठ-नऊ महिने झाले असतील. एका संध्याकाळी वहिनींनी आम्हांला निगडीला बोलावून घेतले आणि चहाचा कप पुढे ठेवून विचारले, "भाऊजी, ती खालची गाडी किती रुपयांना जाईल हो?"

आम्ही चटकन काही बोललो नाही. वहिनींनी वाट पाहिली आणि म्हणाल्या, "तुम्ही मुलांना मूल्यमापन शिकवता ना? मग हेही एकदा करून द्या."

त्यात टोमणा नव्हता. पुतणीच्या दुसऱ्या वर्षाची फी ऑगस्टमध्ये भरायची होती आणि त्यात साठ हजार कमी पडत होते. गाडी विकायची हे ठरलेले होते. प्रश्न केवळ आकड्याचा होता. साहित्यकृतीचे मूल्य कशात असते, ते कृतीत असते की वाचकात, काळ ते ठरवतो की परंपरा, या विषयांवर आम्ही कितीतरी वर्षे वर्गात बोलत आलो आहोत. ज्या निर्णयाखाली कोणीतरी रोख पैसे मोजणार आहे असा निर्णय मात्र आम्हांला कधी द्यावा लागला नव्हता. कविता सामान्य आहे असे आम्ही म्हटल्याने कवीची फी थकत नाही. येथे थकणार होती.

ती खालची गाडी म्हणजे कावासाकी-बजाज एलिमिनेटर. एलिमिनेटर हे नाव कावासाकीने 1985 पासून आपल्या क्रूझर घराण्याला दिलेले. बजाज ऑटोने 2001 साली त्यातली 175 सीसीची एक गाडी भारतात आणली. एक सिलिंडर, हवेवर थंड होणारे इंजिन, पाच गिअर. बैठक जमिनीलगत, हँडल उंच आणि चालकाकडे वळलेले, पाय ठेवायचे दांडे पुढे सरकवलेले. ज्या देशात रस्ते शेकडो मैल सरळ जातात त्या अमेरिकेत ही बसण्याची तऱ्हा रूढ झाली. आपल्याकडे त्या काळी गाडी घेणारा माणूस पहिला प्रश्न विचारी तो 'अ‍ॅव्हरेज किती देते?' हा. त्या प्रश्नाला ज्याच्यापाशी फारसे अभिमानाचे उत्तर नाही अशी ही गाडी होती. 2005 साली तिच्या जागी अ‍ॅव्हेंजर आली. अ‍ॅव्हेंजरने एलिमिनेटरचे रूप जवळजवळ जसेच्या तसे घेतले, पण इंजिन पल्सरचे 180 सीसीचे. देह तोच राहिला, हृदय बदलले. या गोष्टीला पुढे महत्त्व येणार आहे, म्हणून ती आत्ताच सांगून ठेवतो.

दादा भोसरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. मायक्रोमीटरने मोजल्याशिवाय त्यांनी आयुष्यात कशालाही 'बरोबर आहे' म्हटले नाही. अशा माणसाने 2002 साली, स्कूटर चालत असताना, ऐंशी-पंच्याऐंशी हजारांची ही लांबलचक काळी गाडी दारात आणून उभी केली. आमचे वडील तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाले होते, "ही बसायची गाडी आहे का निजायची?" दादा हसले. त्यांच्या आयुष्यातली ती एकच उधळपट्टी. पुढे तेवीस वर्षे त्यांनी दुसरी गाडी घेतली नाही.

*

पहिला भाव आम्ही घराजवळच्या एका जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला विचारला. त्याने फोटो पाहिले, वर्ष विचारले आणि म्हणाला, "अठरा हजार, साहेब. तेही तुमच्याकडे बघून." कारणेही दिली. एवढ्या जुन्या गाडीवर कोणी कर्ज देत नाही, म्हणजे गिऱ्हाईक रोखीचेच हवे. सुटे भाग सहज मिळत नाहीत. किक नाही, बॅटरी उतरली की ढकलणे आले. आणि मुख्य म्हणजे, "मागायला कोणी येत नाही. ही उभी करून मी जागा का अडवू?"

दुसरा भाव आपण होऊन आला. सोसायटीत भंगार घ्यायला येणाऱ्याने गाडीकडे एकवार पाहून नऊ हजार सांगितले.

तिसरा भाव पुतणीने मिळवला. तिने ओळखीपाळखीतून कोल्हापूरच्या एका तरुणाचा फोन नंबर काढला. त्याला जुन्या गाड्या जमवण्याचा नाद. फोनवर तो आधी पाच मिनिटे प्रश्नच विचारत राहिला: इंजिन नंबर कागदाशी जुळतो का, टाकी मूळची का, मीटर मूळचा का, कितव्या मालकाच्या नावावर आहे, दोन्ही किल्ल्या आहेत का. शेवटी म्हणाला, "सगळी ओरिजिनल असेल सर, तर पंच्याहत्तर देतो."

नऊ, अठरा, पंच्याहत्तर. गाडी एकच. आमच्या वर्गातला एखादा चुणचुणीत विद्यार्थी येथे लगेच म्हणाला असता की मूल्य हे वाचकसापेक्ष असते, हे सिद्ध झाले. आम्हांलाही प्रथम तसेच वाटले. नंतर मात्र लक्षात आले की या तिघांत खरे तर मतभेद नाहीच. तिघे तीन निराळ्या वस्तूंचे भाव सांगत होते. भंगारवाला धातूचा भाव सांगत होता, विक्रेता वाहनाचा आणि कोल्हापूरचा तरुण एका काळाच्या अस्सल अवशेषाचा. प्रत्येकाचा भाव त्याच्या वस्तूपुरता प्रामाणिक होता. धातूला विचारायचे ते वजन. वाहनाला विचारायचे की रोज सकाळी सुरू होशील का. अवशेषाला विचारायचे की तू जे आहेस म्हणून उभा आहेस, ते खरोखर आहेस का. गाडी यांतल्या कोणत्या प्रश्नाला नीट उत्तर देऊ शकते, एवढेच आम्हांला ठरवायचे होते. समीक्षेतले कितीतरी वाद हे मूल्यांविषयीचे नसून कोणत्या वस्तूचे मूल्य चालले आहे याविषयीचे असतात, अशी शंका आम्हांला त्या दिवसापासून येऊ लागली आहे.

सरकारी किंवा कंपनीचे एखादे कोष्टक मदतीला येईल म्हणून आम्ही विम्याचे कागद काढले. विम्यात वाहनाची घोषित किंमत ठरवायची एक प्रमाण पद्धत आहे. नव्या किमतीतून पहिल्या सहा महिन्यांत 5 टक्के घट धरायची, वर्ष भरेपर्यंत 15, दुसऱ्या वर्षात 20, तिसऱ्यात 30, चौथ्यात 40, पाचव्यात 50. तेथे कोष्टक संपते. पाच वर्षांपुढच्या गाडीची किंमत विमा कंपनी आणि मालक यांनी आपसांत ठरवावी, असे ते सांगते. ते वाचून आम्हांला कोष्टकाविषयी आदरच वाटला. आपले ज्ञान कोठे संपते हे इतक्या स्वच्छपणे सांगणारे फार थोडे समीक्षाग्रंथ आम्ही पाहिले आहेत.

*

वहिनींना आम्ही सांगितले, "एक लाखाच्या खाली द्यायची नाही. दुर्मिळ वस्तू आहे."

दुर्मिळ हा शब्द आम्ही किती सहज वापरला! तो उलगडून पाहायला नंतर आठवडा गेला. राजदूत 350 हे उदाहरण घ्या. यामाहाची आरडी 350 भारतात एस्कॉर्ट्सने 1983 पासून या नावाने बनवली. ती महाग होती, पेट्रोल भरमसाट पीत असे. फारशी खपली नाही आणि काही वर्षांत बंद पडली. आज तिच्यासाठी लोक लाखांत पैसे मोजतात. उलट यामाहा आरएक्स 100. ती 1985 ते 1996 या काळात मुबलक खपली, गावोगावी होती, आणि तरीही चांगल्या अवस्थेतल्या आरएक्सला आजही चढा भाव येतो. म्हणजे पहिली थोड्या असल्यामुळे महाग, आणि दुसरी थोड्या नसूनही महाग. दोघींत समान काय, तर त्या हव्याशा असणे. नुसत्या थोड्या उरलेल्या गाड्या तर पुष्कळ आहेत. त्यांचा लोखंडाचाच भाव होतो. साठोत्तरी अनियतकालिकांचे सायक्लोस्टाइल अंक आज मोलाचे आहेत ते केवळ थोडे छापले गेले म्हणून नव्हेत. त्याच वर्षांत तेवढ्याच प्रती निघालेली गृहनिर्माण संस्थांची अहवाल-पुस्तके अधिकच दुर्मिळ असतील. त्यांना कोणी विचारत नाही.

एलिमिनेटरला विचारणारे कोण? जे 2002 साली बारा ते वीस वर्षांचे होते ते. तेव्हा त्यांनी ती सिग्नलवर उभी पाहिली, खिशात बसचे पैसे होते. आज ते कमावते आहेत. कावासाकी आणि बजाज यांची भारतातली भागीदारी 2017 साली संपली. 2024 च्या जानेवारीत कावासाकीने एलिमिनेटर हे नाव 451 सीसीच्या एका नव्या, पुष्कळ महाग गाडीवर घालून परत आणले. जुन्या नावाची आठवण असलेल्यांना तेवढेच निमित्त. पण या इच्छेला वय आहे. ती पिढी म्हातारी झाली, की पुढच्यांना या गाडीत केवळ एक जुने, मध्यम ताकदीचे यंत्र दिसेल. लाख रुपये मागताना आम्ही हा विचार केला नव्हता. आमच्या मनात दुसरेच काही होते. ते पुढे येईल.

*

दादांची गाडी वर्षानुवर्षे पाहणारे एक मिस्त्री निगडीतच आहेत. त्यांना आम्ही बोलावले. त्यांची पारख करण्याची रीत पाहताना आम्हांला आमच्या संहिताचिकित्सेच्या गुरुजींची आठवण झाली.

गाडी सुरू करण्याआधी त्यांनी इंजिनावर तळहात ठेवला. "गार आहे, बरं झालं. गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी तापवून ठेवतात. गरम इंजिन खोटं बोलतं." मग स्टार्टर. तिसऱ्या प्रयत्नाला गाडी बोलली. ते मागे जाऊन धूर पाहत उभे राहिले. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते. थंडीतला पांढरा धूर क्षणात विरला तर चिंता नाही. मग कान लावून वरच्या साखळीचा खडखडाट ऐकला. पुढच्या आणि मागच्या चाकाला सुतळी लावून दोन्ही एका रेषेत आहेत का ते पाहिले. टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचले: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी शिल्लक होती, तरी टायर अकरा वर्षांचे होते. "रबर म्हातारं झालंय. नक्षीवर जाऊ नका." मीटर एकसष्ट हजार किलोमीटर दाखवत होता. त्यावर त्यांनी विश्वासही ठेवला नाही आणि अविश्वासही दाखवला नाही. पायाच्या दांड्यांचे रबर, ब्रेकचे पेडल, हँडलच्या मुठी यांची झीज पाहिली आणि म्हणाले, "जुळतंय." मीटरची वायर काढून ठेवली की आकडा थांबतो, झीज थांबत नाही.

चासीवरचा नंबर कागद ठेवून, पेन्सिल घासून उमटवला. इंजिनाचा नंबर पुसून वाचला. दोन्ही नोंदणीपुस्तकाशी जुळले. नंबर कोरल्यासारखा आहे की ठोकल्यासारखा, आजूबाजूचा पत्रा घासलेला तर नाही, हेही त्यांनी पाहिले. मग बॅटरी लावून टाकीच्या आत पाहिले. आतल्या गंजाविषयी ते बराच वेळ बोलले. पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते पाणी ओढते. रोज चालणाऱ्या नव्या गाडीला त्याचे विशेष नाही, पण महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या जुन्या गाडीची टाकी, रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरमधली वायसरे यांना ते सोसत नाही. विकत घेणाऱ्याने तो खर्च धरावा.

टाकी तपासता तपासता ते थबकले. खालून हात फिरवला, पुन्हा बॅटरी लावली. "सर, ही टाकी हिची नाही वाटत. अ‍ॅव्हेंजरची असावी. आणि पुढचे दोन्ही शॉकअपपण." आम्ही विचारले, खात्री आहे का? ते म्हणाले, "दादांनी माझ्याकडून नाही केलेलं. पण त्यांनी लिहून ठेवलं असेल. सगळं लिहायचे ते."

*

वही वहिनींच्या कपाटात होती. कारखान्याच्या जुन्या डायरीत दादांनी 2002 पासून गाडीची प्रत्येक नोंद ठेवली होती: तारीख, मीटरचा आकडा, काम, खर्च. अक्षर ड्रॉइंगवर लिहितात तसे, सुटे आणि सरळ. 2009 च्या जुलैत सापडले. खंबाटकी घाटात पावसात गाडी घसरली. टाकी चेपली, पुढचे दोन्ही पाय वाकले. मूळचे मिळाले नाहीत म्हणून अ‍ॅव्हेंजरचे बसवले. टाकी नीट बसेना तेव्हा तिच्या मागच्या बाजूचा आधार त्यांनी स्वतः तयार केला. त्या पट्टीचे छोटे रेखाचित्र मापांसह काढलेले होते. पुढे एके ठिकाणी लेथवर कातलेल्या एका बुशचेही माप होते, कारण तोही बाजारात मिळेनासा झाला होता.

संहितेत प्रक्षेप सापडला म्हणजे संशोधकाला आनंद होतो. विक्रेत्याला होत नाही. रंग तोच, आकार तोच. वही नसती तर फोटोवरून कोणाच्याच लक्षात आले नसते, आणि समोर पाहूनही फार थोड्यांच्या. इंजिन आणि चासी मूळची, नंबर जुळणारे. टाकीचा उल्लेख कोणत्याही सरकारी कागदावर नसतो. आम्ही गप्प बसलो असतो तर कायद्याने आम्हांला कोणी काही विचारले असते असे वाटत नाही. पंच्याहत्तर आणि त्याखालचा जो काही आकडा असेल, यांच्यामधले अंतर केवळ आमच्या मौनाचे होते.

वही चाळताना आम्ही 2013 वर आलो. तेथे इंजिनाच्या मोठ्या कामाचा अंदाज लिहिला होता, चौदा हजारांचा. आणि खाली एक ओळ: 'धाकट्याकडे विचारले. नाही म्हणाला. बरोबर आहे त्याचे.'

आम्हांला तो दिवस आठवला. आमचा वेतनाचा फरक नुकताच मिळाला होता आणि दादांना ते ठाऊक होते. आयुष्यात एकदाच त्यांनी आमच्याकडे पैसे मागितले. आम्ही म्हणालो होतो, "दादा, मढ्याला दागिने कशाला?" वाक्य चांगले जमले असे तेव्हा आम्हांला वाटले होते. त्यानंतरची नोंद चौदा महिन्यांनंतरची आहे. तोवर गाडी उभीच होती आणि दादा बसने कामावर जात होते.

वहिनींना आम्ही लाखाचा आकडा का सांगितला, ते आता आम्हांला कळले. आम्ही गाडीची किंमत करत नव्हतो. बारा वर्षांपूर्वी शून्य ठरवलेल्या वस्तूला भरपाई म्हणून लाख देऊ पाहत होतो, आणि तेही दुसऱ्याच्या खिशातून. एके काळी जिची टर उडवली तिचीच पुढे अवास्तव स्तुती करायची, हे साहित्याच्या क्षेत्रातही आपण पाहतो. उपेक्षित कवीच्या जन्मशताब्दीला होणारी भाषणे आठवावीत. त्यांत कवितेविषयी थोडे असते, वक्त्यांच्या अवघडलेपणाविषयी पुष्कळ. उपेक्षेने जसे मूल्य कळत नाही तसे पश्चात्तापानेही कळत नाही. दोन्ही वेळी आपण वस्तूकडे पाहतच नसतो.

वहिनींना आम्ही वही दाखवली. टाकीचे पान आणि ते दुसरेही. दुसऱ्या पानाविषयी त्या काही बोलल्या नाहीत. त्यांना ते पूर्वीपासून ठाऊक असावे. टाकीविषयी आम्ही विचारले, सांगायचे का? त्यांनी फार विचार केला नाही. "त्यांनी लिहून ठेवलंय ना? लपवायचं असतं तर लिहिलं कशाला असतं?" फीचे साठ हजार आम्हांला आठवत होते, तसे त्यांनाही आठवत असणार.

*

कागदांचे काम आधी उरकावे लागले. मालक हयात नसेल तर वारसाच्या नावावर नोंद करण्यासाठी नमुना 31. मग विक्रीचे नमुने 29 आणि 30. पंधरा वर्षांनंतरचे नूतनीकरण दादांनी 2017 आणि 2022 मध्ये वेळेवर केले होते, पर्यावरण करासह. पुढचे 2027 मध्ये. वीस वर्षांवरच्या दुचाकीसाठी ते शुल्क 2025 च्या नियमाने दोन हजार झाले आहे, हेही आम्ही खरेदीदारासाठी एका कागदावर लिहून ठेवले.

तो तरुण एका रविवारी पहाटेच्या गाडीने मित्रासह आला. वहिनींना 'काकू' म्हणाला, पोहे खाल्ले, आणि गाडीपाशी जाऊन दहा मिनिटे नुसता पाहत उभा राहिला. आम्ही त्याला टाकी आणि शॉकअपविषयी सांगितले आणि वही हातात दिली. तो पायरीवर बसून तासभर ती वाचत होता. आमच्या कुठल्याही विद्यार्थ्याने कुठलेही पुस्तक इतक्या लक्षपूर्वक वाचलेले आम्हांला आठवत नाही. मध्येच उठून जायचा, गाडीखाली वाकून तो आधार, तो बुश पाहून यायचा.

"अठ्ठावन्न देतो सर," तो म्हणाला. "मूळ टाकी शोधायला मला वर्ष लागंल, पैसे वेगळे. पण ही वही मिळाली तर पासष्ट."

आम्ही थक्क झालो. म्हणजे वहीची किंमत सात हजार. आम्ही विचारले, ज्या वहीने गाडीचा भाव सतरा हजारांनी उतरवला तिला सात हजार कशासाठी? तो म्हणाला, "सर, गाडी ओरिजिनल हाय म्हणून सगळेच सांगतात. काय काय ओरिजिनल नाही, हे लिहून देणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला. हिच्यात लिहिलंय ते सगळं खरं निघालं. म्हणजे बाकीचंपण खरंच असणार."

शके 1506 मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीचे पाठ शुद्ध केले, हे आम्ही दरवर्षी शिकवतो. मूळ प्रत हाती नाही, मधल्या नकलांत भर पडलेली. अशा वेळी कोणत्या प्रतीवर भिस्त ठेवायची, हा प्रश्न आम्ही फळ्यावर पायऱ्या काढून समजावतो. त्या मुलाने तो एका वाक्यात सोडवला. जी प्रत आपले दोष सांगते, तिच्या उरलेल्या मजकुरावर विश्वास ठेवावा.

वहिनी म्हणाल्या, "वही देणार नाही." तो लगेच म्हणाला, "नको काकू. झेरॉक्स चालंल." बासष्ट हजारांवर ठरले.

झेरॉक्स काढायची कामगिरी पुतणीकडे आली. वहीत सगळेच गाडीचे नव्हते. कुठे तिच्या तापाचे आकडे, कुठे वहिनींच्या माहेरच्या लग्नाचा खर्च, कुठे नुसतेच 'आज पाऊस. आळंदीपर्यंत जाऊन आलो.' असे. ती खुणेच्या चिठ्ठ्या लावत पाने वेगळी करत होती आणि आम्ही शेजारी बसलो होतो. 2013 चे ते पान आले तेव्हा तिने वाचले आणि आमच्याकडे पाहिले. "काका, हे घरातलं आहे ना? काढू का?"

काढता आले असते. खर्चाचा अंदाज वरच्या अर्ध्या पानात होता. खालची ओळ झाकून झेरॉक्स काढणे ही मिनिटाचीही गोष्ट नव्हती. संपादक म्हणून आम्ही याहून अधिक पुष्कळदा कापले आहे. पण ती ओळ घरातली होती तशी गाडीचीही होती. गाडी चौदा महिने का उभी राहिली, याचे कारण तेथेच होते, आणि इतके दिवस उभ्या राहिलेल्या इंजिनाविषयी विकत घेणाऱ्याला ते ठाऊक असायला हवे. दादांनी स्वतःच्या घसरण्याची नोंद केली आणि आमच्या नकाराचीही केली. दोन्ही सारख्याच अक्षरात, तारखेसह. आणि खाली, आमच्या बाजूने, तीन शब्द लिहिले. ते तीन शब्द बरोबर नव्हते. मायक्रोमीटरने मोजणाऱ्या माणसाची तेवढी एक नोंद आम्हांला चुकीची वाटते. पण पाठ दुरुस्त करण्याचा अधिकार आमचा नव्हता.

"राहू दे," आम्ही म्हणालो.

दुपारी दोघांनी गाडी टेम्पोत चढवली. त्या मुलाने झेरॉक्सची पाने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, पावसाचे दिवस म्हणून, शर्टाच्या आत ठेवली. टेम्पो वळेपर्यंत वहिनी गॅलरीत उभ्या होत्या. मग त्यांनी आत येऊन पैसे पुन्हा एकदा मोजले, साठ हजार वेगळे काढले, आणि उरलेल्या दोन हजारांकडे पाहून म्हणाल्या, "मिस्त्रींचे द्यायचे राहिलेत, भाऊजी. जाताना देऊन जा."